दाईला आत घ्या

(दृश्य : गावाबाहेरचे कुर्माघर)

इतर घरांपासून वेगळी पडलेली ही बुटकी झोपडी म्हणजे कुर्माघर. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात माडिया आदिवासी स्त्रिया पाळीचे दिवस येथे काढतात आणि काही गावांत बाळंतपणही येथेच होते.

(दृश्य : दाईचे हात, आढ्याचा दोर)

कळा वाढल्यावर दाई गर्भवतीला निजवत नाही. ती तिला उकिडवी बसवते, आढ्याला बांधलेला दोर तिच्या हाती देते. एक नातेवाईक स्त्री पाठीमागून आधार देते आणि दाई समोर बसून, मध्येच पोटावरून हात फिरवत, बाळाची वाट पाहते. बाळ आल्यावरही ती घाई करत नाही. वार (बाळामागून पडणारी अपरा) पडल्याखेरीज नाळ कापायची नाही, हा तिचा जुना रिवाज. नाळ कापायला पूर्वी बांबूची धारदार कामटी असे, आता नवे ब्लेड असते. प्रसूतीच्या वेळी कसे बसावे हे मातेने ठरवावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही आज सांगते. दाईच्या झोपडीत ते कधीपासूनच चालत आले आहे.

(दृश्य : आरोग्य केंद्र, प्रसूतीचे टेबल)

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण आदिवासी मातेला महाराष्ट्रात 700 रुपये मिळू लागले, 2011 पासून प्रसूती आणि वाहनही मोफत झाले. गर्भवतीला दवाखान्यात नेण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे गेले आणि दाई मात्र दाराबाहेर राहिली. अतिरक्तस्राव, झटके, आडवे मूल यांपुढे तिचे कौशल्य अपुरे पडते आणि वेळेत रक्त किंवा शस्त्रक्रिया मिळाली नाही तर माता दगावते, म्हणून दवाखाना हवाच.

(दृश्य : पर्लकोटा नदीचा पूर, खाटेची कावड)

पण पर्लकोटेला पूर आला की वाट बुडते आणि खाटेला बांबू बांधून गर्भवतीला खांद्यावरून न्यावे लागते. त्यासाठीच आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ आहे, जेथे प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहता येते. घरची मुले आणि शेत सोडून येणे सोपे नसते. त्यात ओळखीची दाई सोबत असेल, तर अनोळखी भिंतींची भीती निदान कमी होईल.

याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात 39 गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. दाई प्रसूती करी, आरोग्यदूत बाळाचे वजन करी, श्वास मोजी आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देई. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होता. दाईला न वगळता हे साधले होते.

(दृश्य : दाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात)

केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ उपक्रमाने प्रसूतिकक्षात मातेसोबत तिच्या पसंतीची व्यक्ती असावी, हे मान्य केले आहे. माडिया मातेने दाईचे नाव घेतले, तर तिला व्हरांड्यात न थांबवता आत घ्यावे आणि बुडालेली मजुरी तिला आरोग्य केंद्रातूनच मिळावी.