खड्ड्यात कमी, वर जास्त

नमस्कार श्रोतेहो. डाळिंब असो, जास्वंद असो, नाहीतर कुंपणाची मेंदी, झुडूप लावायचं म्हटलं की आपला हात आधी शेणखताकडे जातो. खड्डा घ्यायचा, खतानं भरायचा, रोप खोचायचं. माझ्या मामानं अगदी हेच केलं होतं.

मामाचं गाव माण तालुक्यात. 2012 च्या उन्हाळ्यात त्यानं डाळिंबासाठी खड्डे घेतले, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. जमीन मुरमाड. मामा हौशी. ट्रॉलीनं शेणखत आणलं आणि निम्मा निम्मा खड्डा नुसत्या खतानं भरला. मामी म्हणाली, "अहो, डोहाळजेवण आहे का झाडांचं?" पण सहाव्या ओळीशी खत संपलं. तिथं निघालेली मातीच मुरमासकट परत लोटली. ती ओळ मामाच्या लेखी सावत्र.

पाऊस त्या वर्षी माणदेशावर रुसलाच. दिवाळीनंतर मामीला खळं मोकळं करायचं होतं. कडब्याच्या जुन्या गंजीचा तळ काळा पडलेला, जनावरं तोंड लावेनात. सहावी ओळ घराला सगळ्यात जवळ. मामीनं तो सगळा कडबा त्याच झाडांभोवती टाकला. त्यात शास्त्रबिस्त्र काही नव्हतं हं, लांब कोण वाहणार म्हणून!

मग 2013 चा उन्हाळा. पाणी टँकरचं. रोपाला एक घागर, तीही चार दिवसांनी. मे महिन्यात लाडक्या पाच ओळींतली निम्मी रोपं वाळली, सावत्र ओळ हिरवीगार. मामानं चिडून एक वाळलेलं रोप उपटलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं अजून पिशवीच्याच आकारात! मग सहाव्या ओळीत कडबा सारून बोट खुपसलं. खाली ओल. मामी काही बोलली नाही. तेच मामाला जास्त लागलं.

कारण साधं आहे. नुसतं खत भुसभुशीत असतं, लवकर सुकतं, आणि एकदा पार सुकलं की ओतलेलं पाणी पटकन धरत नाही. कुजेल तसं खचतं, त्याबरोबर रोपही खाली बसतं. काळ्या जमिनीत उलटं होतं, खड्ड्याचा हौद होतो आणि पावसाळ्यात मुळं सडतात. कच्चं खत असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच. खत नको असं मी म्हणत नाही. पाटीभर, पुरतं कुजलेलं, मातीत कालवून घाला. उरलेलं वर पसरा. पुन्हा सांगतो, खड्ड्यात कमी, वर जास्त.

वरचं आच्छादन उन्हाची झळ अडवतं, ओल उडू देत नाही, तण दाबतं. कडबा, उसाचं पाचट, वाळका पाला, काहीही चालेल. भुसा मात्र मातीत कालवू नका. तो कुजताना रोपाच्या वाट्याचं नत्र खातो. वर पसरलात तर तेवढा त्रास नाही.

पाल्यावरून आठवलं. आमच्या कॉलनीत रोज सकाळी पाला झाडून पेटवतात. डोळ्यांत धूर, आणि संध्याकाळी तीच मंडळी नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतात! एकानं तर अंगणभर फरशी घातली आणि बंगल्याचं नाव ठेवलं 'हिरवाई'. असो.

आच्छादन चार बोटं जाड हवं, आणि खोडापासून चार बोटं लांब. खोडाला चिकटवलंत तर साल कुजते. जाड चार बोटं, लांब चार बोटं. आणि आधी पाणी, मग आच्छादन. कोरड्या मातीवर टाकलंत तर हलका पाऊस वरच्यावर अडकतो.

मामानं पुढच्या वर्षी मेलेल्या जागी पुन्हा रोपं लावली, या खेपेला पाटी मोजून. आता गावात कुणाची गंज मोडायची असली की मामा आधी जाऊन तळ सांगून ठेवतो. घरच्या गंजीचा तळ मात्र मामीचा. तो ती आपल्या मोगऱ्याला घालते, मामाला देत नाही.