इलेक्ट्रॉन वाढतात, अणू आक्रसतो

[दृश्य: आवर्तसारणी. दुसरी ओळ उजळते.]

लिथिअमच्या अणूत ३ इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनच्या अणूत ८. तरी लिथिअमची त्रिज्या १५२ पिकोमीटर आणि ऑक्सिजनची अवघी ६६.

आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, पुढे सरकताना नवा इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात बसतो. केंद्रकात मात्र दरवेळी एक प्रोटॉन वाढतो. शेजारचे इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसा आडोसा देत नाहीत. किती देतात, याचा अंदाज स्लेटरच्या नियमांनी काढता येतो. इथे प्रोटॉनांच्या संख्येतून त्याच कवचातल्या प्रत्येक सोबत्यामागे ०.३५ वजा करायचे, आतल्या कवचातल्या प्रत्येकामागे ०.८५. लिथिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा प्रभार येतो १.३, ऑक्सिजनच्या ४.५५. हमखास चुकतं ते इथे: ज्याचा हिशेब चालू आहे, तो इलेक्ट्रॉनही सोबत्यांत मोजला जातो. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात ६ इलेक्ट्रॉन असले, तरी सोबती ५च.

गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली उतरताना कवच वाढतं, अणू फुगतो. सोडिअम १८६, पोटॅशिअम २२७.

[दृश्य: आयनीभवन ऊर्जेचा आलेख. दोन खाचा.]

अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागते ती आयनीभवन ऊर्जा. तिचा आलेख उजवीकडे चढत जातो, पण दोनदा घसरतो, आणि खरं शिकण्यासारखं या खाचांतच आहे. बेरिलिअम ८९९ किलोज्यूल प्रति मोल, बोरॉन ८०१. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या पी कक्षकात (कवचातल्या इलेक्ट्रॉनच्या एका जागेत) असतो, म्हणून लवकर सुटतो. नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. ऑक्सिजनच्या एका पी कक्षकात दोन इलेक्ट्रॉन दाटीने राहतात आणि एकमेकांना ढकलतात.

तक्त्यात निऑन फ्लुओरिनपेक्षा मोठा दिसला, तर नियम मोडला असं समजू नका. निऑन बंध करत नाही. त्याच्यापुढे व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे बंध न करता नुसत्या टेकलेल्या अणूंवरून काढलेली त्रिज्या, छापलेली असते. वेगवेगळ्या मापांची तुलना जपूनच करावी. लिथिअमचा आकडाही धातूच्या स्फटिकातला, ऑक्सिजनचा सहसंयुज बंधातला.

[दृश्य: चौथा गण. झिर्कोनिअम, खाली हाफ्निअम.]

इथे एक कवच वाढूनही अणू वाढत नाही. झिर्कोनिअम १६०, हाफ्निअम १५९. मधे भरलेल्या, एफ कक्षकांतल्या १४ इलेक्ट्रॉनांचा आडोसा इतका तोकडा, की वाढलेला प्रभार सगळं आत ओढून घेतो. आकार जुळला, म्हणून रसायनही जुळलं. हाफ्निअम १९२३ साली कोपनहेगनमध्ये सापडलं, तेही झिर्कोनिअमच्याच खनिजात, क्ष-किरणांच्या वर्णपटावरून. अणुभट्टीच्या इंधननळ्यांसाठी मात्र ही जोडी फोडावीच लागते: झिर्कोनिअम न्यूट्रॉन जाऊ देतं, हाफ्निअम ते गिळतं.