तार, रूळ आणि पाईप

(दृश्य: जळगाव, सराफ बाजार. भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढली जाणारी सोन्याची तार.)

या पट्टीतलं प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा जरा लहान. तारेचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, भोकातून काढायचं, सांडशीत धरून ओढायचं. तार बारीक होते, लांबत जाते, वजन मात्र तेवढंच. १ ग्रॅम शुद्ध सोन्याची २ किलोमीटरहून लांब तार निघू शकते. न तुटता लांबण्याचा हा गुण म्हणजे तन्यता.

काही भोकं पार झाली की तार हाताला ताठ लागू लागते. धातू लांबतो तो आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून. सरकता सरकता रचनेतले दोष एकमेकांत गुंततात आणि पुढचं सरकणं अडतं. तार कडक झाली, पण तिची लांबण्याची ताकद संपत आली. तशीच रेटली तर पुढच्या भोकाला तुकडा पडणार. म्हणून ती मंद लाल होईपर्यंत तापवतात. आत नवे कण, म्हणजे अणूंचे नीट रचलेले पुंजके, तयार होतात, तार पुन्हा मऊ. तापवणं जास्त झालं तर कण मोठे होतात, आणि पुढे वळवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. मग कितीही घासा.

२२ कॅरेटच्या सोन्यात तांबं, चांदी मिसळलेली असते. वेगळ्या आकाराचे अणू थरांच्या वाटेत आडवे येतात, म्हणून तो दागिना २४ कॅरेटइतका सहज वाकत नाही.

(दृश्य: भुसावळजवळ, मे महिन्यातली दुपार. रुळांवर थरथरणारी हवा.)

इथे कोणी काही ओढत नाही, तरी रुळात प्रचंड बळ साठलंय. समजा, रूळ ४० अंशांना ताणमुक्त करून, म्हणजे आत ओढ किंवा दाब नसताना, पक्का केला होता आणि आता उन्हात तो ६५ अंशांवर गेलाय. त्याला लांबायचंय, पण खालचे आडवे स्लीपर आणि खडी हलू देत नाहीत. न झालेल्या लांबीचा दाब होतो: एका अंशाला दर चौरस मिलिमीटरवर सुमारे २.४ न्यूटन (१ किलो वजनाचा भार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन). २५ अंशांचे झाले ६०. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद साधारण ७,६९० चौरस मिलिमीटर. गुणाकार करा, जवळपास ४७ टनांचा दाब येतो. वेल्डिंगनं सलग जोडलेला रूळ १ किलोमीटरचा असो की १०, मधल्या भागात आकडा हाच.

गंमत अशी, की हा दाब त्या पोलादाच्या ताकदीचा जेमतेम पंधरावा हिस्सा आहे. रूळ चिरडणार नाही. पण बांबूची कामटी दोन्ही टोकांनी दाबून बघा, ती बाजूला बाक घेते. रुळाचंही तेच भय. त्याला आडवं धरून ठेवते ती स्लीपरच्या टोकांशी रचलेली खडी. म्हणून रूळ ठरावीक मर्यादेपलीकडे तापलेला असताना खडी मोकळी करायची नाही, असा दंडक. हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांवर आला की सगळं उलटं. रूळ आखडू बघतो, आत ओढ बसते, आणि वेल्डिंगमधली बारीक चीर उघडते.

(दृश्य: रावेर, केळीचा मळा. फुटलेला पीव्हीसी पाईप.)

चीर बघा. लांबीला धरून, उभी. दाबाच्या पाण्यानं पाईपच्या घेरात जेवढा ताण येतो, त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेनं. भिंत आधी घेरात हरते. बामणोदचं भरताचं वांगं टोचे न मारता जाळावर ठेवलं तर साल फाटते तीही बहुधा उभीच.

९० मिलिमीटरचा पाईप, भिंत ३ मिलिमीटर, पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ६ किलो. घेरातला ताण येतो चौरस मिलिमीटरला सुमारे ८.५ न्यूटन. पीव्हीसी एकदाच ओढून पाहिलं तर ४५ च्या आसपास टिकतं. मग एवढी सूट कशाला? कारण प्लास्टिक सततच्या ताणाखाली वर्षानुवर्षं हळूहळू पसरत राहतं. त्यात ते तापलं की आणखी ढिलं पडतं, आणि उघड्यावर राहिलं की उन्हानं ठिसूळ होतं. असा पाईप वाकत नाही, कुदळ निसटून लागली तरी तडकतो. जमिनीवर ठेवणं भागच असेल तर पांढरा रंग द्या, नाहीतर पुरा.

फुटण्याचा क्षण बहुतेक वेळा वीज जाण्याचा. मोटार थांबते, वर चढलेलं पाणी मागे फिरतं, पाणी मागे जाऊ न देणारी झडप धाडकन बसते आणि क्षणभर दाब नेहमीपेक्षा कितीतरी वर जातो. वीज जाणं आपल्या हाती नाही, पण व्हॉल्व्ह सावकाश बंद करणं आहे. शिवाय लाईनच्या उंच जागी हवा आत-बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह लागतो, आणि वळणाच्या कोपराला मागून काँक्रीटचा टेका.