पांढरा रंग न लावता बर्फ

काश्मीर खोऱ्यातलं काझीगुंड. चिल्लई कलान चालू आहे, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ऐन कडाक्याचे चाळीस दिवस. दक्षिणेला पीर पंजालची रांग आणि तिच्या पोटातून गेलेला ११.२ किलोमीटरचा बोगदा. २०१३ मध्ये तो सुरू झाला आणि बनिहालहून सुटलेली गाडी थेट खोऱ्यात उतरू लागली.

आता हा जलरंगाचा कागद पाहा. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, खरखरीत. समोर एवढा बर्फ, पण पॅलेटमध्ये पांढरा रंगच नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८७५ मध्ये बर्फातली आगगाडी रंगवली, पण ती तैलरंगात. तिथे बिघडलं तर वरून पांढऱ्याचा जाड हात मारता येतो. जलरंगात बर्फ म्हणजे कोरा राखलेला कागद. रंग कुठे लावायचा नाही, हे ब्रश भिजवायच्या आधीच ठरवायचं.

रंग लागतो तो सावलीला. अल्ट्रामरीन ब्लू, त्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. नुसता निळा लावला की बर्फाचा स्विमिंग पूल होतो.

सह्याद्रीच्या पावसात जलरंग शिकलेला हात इथे जरा गडबडतो. पावसाच्या चित्रात कडा विरघळलेल्याच बऱ्या. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की निम्मं काम पाणीच करतं. बर्फावरच्या सावलीची कड उन्हात मात्र स्वच्छ हवी. म्हणजे खालचा थर वाळायला हवा, आणि या थंडीत तो वाळता वाळत नाही. पारा शून्याखाली गेला तर कागदावरचं पाणीच गोठतं, रंगात पिसांसारखी नक्षी उमटते. काही चित्रकार त्यावर पाण्यात थोडी व्होडका घालतात. रंगाच्या पाण्यात, बरं का.

मग पेन. शाई वॉटरप्रूफच हवी, नाहीतर वरून ब्रश फिरला की रूळ वाहून जातात. हे रूळ जवळून बघा. स्लीपर, खडी, सगळं बर्फाखाली गडप. चाकांनी घासून मोकळ्या केलेल्या दोन काळ्या रेघा तेवढ्या उरल्यात. बाजूला निष्पर्ण पॉपलर, विजेचे खांब, पत्र्याची उतरती छपरं. निबाची इथे चंगळ आहे.

गाडी फार वेळ थांबायची नाही, म्हणून तिची जागा पेन्सिलने आधीच आखलेली. खरं सांगायचं तर वाफेचं इंजिन काढायला सोपं. चाकं, दांडे, धूर. चित्र आपोआप भरतं. विजेच्या गाडीचं तोंड गुळगुळीत. तिला वजन द्यायचं ते खालून: डब्यांखालचा काळोख शाईने गच्च भरायचा, खिडक्यांवरून पिवळ्याचा एक पातळ हात. आणि टपावर साचलेला बर्फ? तिथे पुन्हा कागदच.

ओव्हरहेड वायर सगळ्यात शेवटी, एका दमात. मध्येच निब उचललं तर तार तुटल्यासारखी दिसते.

राहिली सही. तिची जागा शोधणं हेही कामच आहे. एवढ्या पांढऱ्यावर ती कुठेही केली तरी खुपते. म्हणून बरेच जण ती खडीच्या नाहीतर झुडपांच्या रेघांत दडपून टाकतात.