मोंढ्यातले दोन क्रेडिट

(दृश्य: लातूरचा मोंढा, म्हणजे बाजार समितीचं आवार. सोयाबीनचे ढीग, ओंजळीत दाणे घेऊन पाहणारे खरेदीदार.)

एकाच ओट्यावर सोयाबीनचे दोन ढीग. एकाला चांगला भाव लागला, दुसरा दोनशे-तीनशे रुपयांनी खाली अडकला. हे का झालं, याचं उत्तर आडत्याच्या हिशोबपट्ट्या तपासून आणि माल हाताळून शोधायचं. बी.कॉम.चा फील्ड प्रोजेक्ट म्हणून यापेक्षा चांगला विषय लातुरात मिळायचा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पदवीत वर्गाबाहेरच्या कामालाही क्रेडिट आहेत. साधारणपणे फील्ड प्रोजेक्टला 2, ऑन जॉब ट्रेनिंगला म्हणजे ओजेटीला 4. अशा कामाच्या एका क्रेडिटमागे 30 तास धरले जातात. म्हणजे मोंढ्यात 60 तास, कारखान्यात किंवा पेढीवर 120. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. कोणतं काम कोणत्या सत्रात येतं, ते आपापल्या विद्यापीठाच्या आराखड्यातच पाहावं. शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राचं ऐकून चालत नाही.

(दृश्य: ओलावा मोजणारं मीटर. कपात दाणे, पडद्यावर आकडा.)

पहिली पायरी, प्रश्न लहान ठेवणं. 'सोयाबीन विपणनाचा अभ्यास' हा विषय 60 तासांत आवरत नाही. 'ओलावा आणि भाव यांचा संबंध, एक आडत दुकान, तीन आठवडे' एवढा आवरतो. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि केंद्रानं ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती. खुल्या सौद्यात मात्र दाणा हातात घेऊनच भाव ठरतो. म्हणून प्रत्येक ढिगाच्या चार नोंदी एकाच ओळीत हव्यात: ओलावा, माती-काडीकचरा, वजन आणि दर. यातली एक जरी राहिली, तरी ती ओळ तुलनेला उपयोगी पडत नाही.

(दृश्य: हिशोबपट्टी जवळून. बोट एकेका रकान्यावरून खाली सरकतं.)

पट्टी वाचायला शिकणं हा या कामाचा गाभा. वर वजन आणि दर, त्याखाली हमाली, तोलाई, कधी आधी घेतलेली उचल, आणि तळाला शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. पुष्कळ अहवालांत ही तळाची रक्कम वजनानं भागून तोच 'भाव' म्हणून मांडलेला असतो. उचल वळती झाली असेल, तर हा भाव साफ खोटा ठरतो. पट्टी घेताना शेतकऱ्याला आणि आडत्याला विचारून घ्यायचं, अहवालात नावं झाकायची.

दुसरी चूक सरासरीची. समजा, एका दिवशी 2000 क्विंटल आवक आणि भाव 4600. दुसऱ्या दिवशी आवक 200 आणि भाव 4200. साधी सरासरी येते 4400. जास्त आवकेच्या दिवसाला तेवढं जास्त वजन दिलं, म्हणजे सरासरी आवकेनं भारित केली, तर 4564. दीडशेहून जास्त रुपयांचा फरक, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच्यावरच येतो. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. आपल्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहायच्या. शंभर जणांकडून होय-नाहीच्या प्रश्नावल्या भरून घेऊन गोल तक्ते काढण्याची रीत अजून सुटलेली नाही. त्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही.

(दृश्य: जालना. लोखंडी सळया भरलेला ट्रक वजनकाट्यावर.)

जालन्यात ओजेटी करायची, तर स्टील कारखान्याचं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करणारं खातं मागून घ्यावं. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा, तेच वजन बिलावर, तेच ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायच्या परवान्यावर. राज्यातल्या राज्यात माल चालला असेल, तर महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ई-वे बिल लागतं. राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर. काट्याची पावती आणि बिल जुळलं नाही, तर गाडी फाटकातच थांबते. हे वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही.

कर सल्लागाराच्या पेढीवर बसायचं असेल, तर महिन्याचा ताल समजून घ्या. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या विवरणाची मुदत 11 तारखेपर्यंत, 14 ला 2बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा तक्ता तयार होतो, आणि 3बी, म्हणजे कर भरण्याचं विवरण 20 पर्यंत. ओजेटी 21 तारखेला सुरू करणारा पहिले दोन-तीन आठवडे फायली लावण्यात घालवतो. रुजू व्हायचं ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

रोजवही त्याच दिवशी लिहायची, तासांसकट, आणि जिथं काम करतो तिथल्या देखरेख करणाऱ्याची सही आठवड्याला घ्यायची. शेवटच्या दिवशी एकाच शाईनं केलेल्या सह्या परीक्षकाला लगेच ओळखू येतात.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर 'स्वयम्'चं व्याख्यान.)

गावात राहून शिकायचं, तर 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं संकेतस्थळ आहे. विषय मोफत, परीक्षेचं शुल्क वेगळं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे ऑनलाइन घेता येतात. पण नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाकडून तो विषय चालेल असं लेखी घ्या. हे क्रेडिट एबीसी, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. त्या खात्याला बारा आकडी क्रमांक असतो. आधारवर एक नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, असं असेल तर क्रेडिट अडकतात, आणि सगळ्यात जास्त हेलपाटे याच कामाचे. 2022 पासून नियमित पदवीबरोबर दूरशिक्षणाची दुसरी पदवीही एकाच वेळी करता येते; नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे त्यासाठीचे ओळखीचे पर्याय.

बीबीए करायचं असेल, तर 2024 पासून राज्याची सीईटी द्यावी लागते, बी.कॉम.ला ती नाही. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं हवं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. त्या संशोधनाला उपयोगी पडतील म्हणून मोंढ्यातल्या नोंदवह्या जपून ठेवा.