एका जिल्ह्यातील दोन परडी

[दृश्य : पहाटेचे धुके. कौलारू घराची मागची बाजू, दोडक्याचा मांडव, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू.]

घराच्या मागच्या दारातून खाली उतरल्यावर जी मोकळी जागा लागते, तिला बेळगाव भागातील मराठी माणूस परडे म्हणतो आणि त्याचा कन्नड शेजारी हित्तल म्हणतो. नावे दोन असली तरी तिथे लावली जाणारी झाडे बहुतेक तीच असतात, कारण अळूचा कंद, अबोलीची फांदी आणि पावट्याचे बी कुंपणावरून इकडून तिकडे जाताना भाषा विचारत नाही. आंबाडीला शेजारच्या घरी पुंडी म्हणतात, एवढाच काय तो फरक. फरक पडतो तो मातीने आणि पावसाने, आणि या जिल्ह्यात तो इतका मोठा आहे की एका परड्यात जे हिताचे असते तेच दुसऱ्या परड्यात घातक ठरते. हे मला उशिरा कळले.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला खानापूर तालुक्यात सह्याद्रीचा माथा लागतो. तिथे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि आषाढात आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. ईशान्येला अथणी-रायबागकडे उतरत गेले की पाऊस झपाट्याने घटतो आणि वर्षभरात ५०० ते ६०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात.

माझे आजोळ याच खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, तांबड्या मातीत. पावसाने शतकानुशतके धुऊन काढल्यामुळे त्या जांभ्याच्या मातीत चुना फारसा उरलेला नाही, लोह तेवढे राहिले आहे, आणि म्हणून ती आंबट असते. आजी रोज सकाळी चुलीतली राख चाळून मूठ-मूठ वाफ्यांत टाकत असे. राखेत पालाश असते आणि ती मातीचा आंबटपणा मोडते, ही कारणे आजीने कधी सांगितली नाहीत. मिरचीला राख मानवते, एवढेच ती सांगे. पुढे आत्याच्या अथणीच्या घरी राहायला गेल्यावर मी मोठ्या हौसेने तोच क्रम सुरू केला. दोन महिन्यांत मिरचीची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. अथणीची काळी माती मुळातच चुनखडीची. तिच्यात मी आणखी क्षार ओतत होते आणि त्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नव्हते. आत्याने राख बंद केली, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घातला, तेव्हा नवी पाने पुन्हा हिरवी आली. त्या वाफ्याचे मला आजही वाईट वाटते.

[दृश्य : वळवाचा पाऊस. भिजलेली कडुलिंबाची फांदी, कंदिलाचा उजेड.]

परड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, ते वळवाच्या पहिल्या सरीला सुरू होते. त्या सरीनंतर दिवेलागणीला हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुलिंबावर आणि बाभळीवर बसतात. त्याच संध्याकाळी फांद्या हलवून ते गोळा केले आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले, तर पुढे मुळे कुरतडणाऱ्या अळ्यांची एक पिढीच कमी होते. कच्चे शेण झाडाला घालू नये असे जुनी माणसे बजावतात, त्यामागेही हेच कारण आहे. न कुजलेल्या शेणात हुमणी सुखाने वाढते.

मृग निघाला की खानापूरकडे बियांपेक्षा आधी कंद जमिनीत जातात. हळद, आले आणि अळू यांना पावसाची भीती नसते, फक्त पाणी साचू न देण्यासाठी माती उंच ओढून घ्यावी लागते. बेळगाव तालुक्याच्या तांबड्या मातीत याच दिवसांत रताळ्याचे वेल सरींवर लावले जातात; परड्याच्या कोपऱ्यात चार-पाच वेल लावले तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास बुट्टीभर रताळी निघतात. दोडका, पडवळ, कारले आणि काकडी यांच्या बिया मांडवाच्या पायथ्याशी टोकल्या जातात. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस या दोन्हींत पश्चिमेकडे कोवळी रोपे सडतात, म्हणून दसऱ्याच्या झेंडूचे बी तिकडे वळचणीखालच्या कुंडीत टाकतात. बी टाकल्यापासून फुले यायला दोन ते अडीच महिने लागतात, तेव्हा दसऱ्यापासून मागे मोजून दिवस ठरवावा. अथणीला हेच बी उघड्यावर चालते. तिथे चिंता असते ती पावसाने दडी मारण्याची.

वेलांना फुले भरपूर येतात आणि फळे मात्र धरत नाहीत, ही तक्रार दोन्हीकडे ऐकू येते. भोपळा, दोडका, दुधी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलामागे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. आधी बरेच दिवस केवळ नर फुले येतात, त्यात वेलाचा दोष नसतो. सततच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नसतील, तर नर फूल खुडून मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. मात्र वेळ पाळावी लागते. भोपळा, काकडी आणि कारले सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी दिवस कलल्यावर. पडवळाची झालरीसारखी पांढरी फुले तर अंधार पडू लागल्यावर. सकाळी चहाचा पेला घेऊन दोडक्यापाशी गेलेल्या माणसाला मिटलेली फुलेच दिसणार. आजी मात्र दिवा लावून झाला की मांडवाखाली जात असे, आणि लहानपणी मला वाटे की ती वेलालाही उदबत्ती दाखवते आहे.

[दृश्य : भाद्रपद. कुंपणाशी गुलाबी तेरडा, परातीत अळूची पाने.]

गौरी येतात तेव्हा परड्यात सर्वाधिक भर असते. तेरड्याची रोपे गौर म्हणून घरात येतात, अळूची भाजी शिजते, हळदीच्या पानांचा वास स्वयंपाकघरात भरतो. याच ओल्या दिवसांत खोकला-पडसे घरोघर असते, आणि तेव्हा तुळस, गवती चहा, पानओवा आणि अडुळसा यांची आठवण होते. ‘हित्तल गिडा मद्दल्ल’, म्हणजे परड्यातले झाड औषध नव्हे, अशी कन्नडमध्ये एक म्हण आहे. जवळच्या वस्तूची किंमत माणसाला नसते, हा तिचा भाव. आत्याच्या शेजारच्या अक्का ही म्हण उच्चारत उच्चारतच पानओव्याची चार पाने तोडून देत.

पाऊस ओसरला की हवा कोरडी होते, रात्री गार होतात, आणि पूर्वेकडच्या परड्याचे खरे दिवस सुरू होतात. काळी माती ओल धरून ठेवते. तिच्यात मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, शेपू, वांगी, टोमॅटो असे सगळे येते. धणे पेरण्यापूर्वी ते चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडावेत, कारण वरून एक दिसणाऱ्या दाण्यात दोन बिया असतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर वाफा उकरून पाहण्याचा मोह आवरावा. मेथी त्यामानाने लवकर उगवते आणि तिला काही समजावून घ्यावे लागत नाही.

शेवंती आणि पावटा यांचे गणित वेगळे आहे. ही झाडे थंडीपेक्षा रात्रीची लांबी ओळखतात; रात्र मोठी झाली की कळ्या धरतात. आमच्या ओळखीच्या एका घरी शेवंतीची कुंडी गल्लीतल्या दिव्याखाली होती आणि शेजारच्या सगळ्या कुंड्या फुलल्या तरी ती हिरवीच राहिली. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात नेल्यावर काही आठवड्यांनी तिला कळ्या आल्या. पावट्याच्या शेंगा संक्रांतीच्या आधी भरतात आणि भोगीच्या भाजीत वांगे, गाजर, हरभऱ्याच्या बरोबरीने पडतात.

[दृश्य : चैत्रातले ऊन. भेगाळलेली काळी जमीन, तिच्यात गळ्यापर्यंत पुरलेले मडके.]

उन्हाळ्यात अथणीच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगांतून उरलीसुरली ओलही उडून जाते. आत्याने यावर योजलेला उपाय माझ्या आजोळच्या वाटेवरून आला होता. खानापूरची मातीची भांडी या भागात प्रसिद्ध आहेत. तिथले बिनचकाकीचे मडके ती दोन रोपांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरते, त्यात पाणी भरते आणि तोंडावर कौलाचा तुकडा ठेवते. भोवतालची माती कोरडी असेल तेवढेच पाणी मडक्याच्या अंगातून पाझरते, ती ओली झाली की पाझर मंदावतो. भोवती उसाचा पाला पसरला की भेगाही कमी पडतात. अशा दोन मडक्यांवर तिची चार वांगी, कढीपत्ता आणि मोगऱ्याची कुंडीतून जमिनीत उतरवलेली दोन झाडे वैशाखभर तग धरतात.

मांडवावर मुद्दाम राखलेला एक दोडका तोवर सुकून खुळखुळू लागलेला असतो. त्याचे टोक मोडून काळ्या बिया झाडून घेतल्या जातात, उरलेली जाळी अंग घासायला न्हाणीत जाते, आणि बिया राखेत घोळून डब्यात बंद होतात. अथणीच्या परड्यात चुलीतली राख आता एवढ्या एकाच कामाला लागते.