किल्ली कोणाच्या हातात?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे विज्ञानकथांच्या टीव्ही मालिकांमधले सायबॉर्ग, आणि त्यांना पाहून आपल्या पोटात येणारा गोळा.

सायबॉर्ग म्हणजे रोबो नव्हे, हे आधी सांगून टाकतो. रोबो म्हणजे नखशिखांत यंत्र. सायबॉर्ग म्हणजे थोडा माणूस, थोडं यंत्र. एवढी व्याख्या आपल्याला पुरे. तसं पाहिलं तर पेसमेकर बसवलेली, कृत्रिम गुडघ्यावर जिना चढणारी, कानात श्रवणयंत्र लावून आत्ता माझं बोलणं ऐकणारी मंडळी त्याच गोत्रातली. त्यांना कोणी भीत नाही. मग पडद्यावरच्या सायबॉर्गलाच का भितो आपण? माझं उत्तर एका वाक्यात सांगतो. भीती यंत्राची नसते, त्याची किल्ली कोणाच्या हातात आहे याची असते.

पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. भीती यंत्राची नाही, किल्लीची.

आता एक गोष्ट. ती सांगायला मला फार आवडते, तेव्हा जरा लांबली तर सांभाळून घ्या.

ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' नावाची मालिका १९६३ पासून चालू आहे. मधे बरीच वर्षं बंद पडली होती, पण ते असो. १९६६ साली तिच्यात सायबरमेन आले. त्यांची कल्पना किट पेडलर यांची. हे गृहस्थ मूळचे लेखक नव्हेत, डोळ्यांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. शरीराचे निकामी भाग बदलण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल एकदा त्यांचं पत्नीशी बोलणं चाललं होतं. एकेक भाग बदलत गेलो, तर आपण अजून माणूस आहोत की यंत्र, हे त्या माणसाला तरी कळेल का? तिथून सायबरमेन जन्मले. मरण टाळायचं म्हणून अवयव बदलले, आणि दुखतं-खुपतं ते नको म्हणून भावनाही काढून टाकल्या. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं ते डिसेंबर १९६७ मध्ये. म्हणजे टीव्हीवरची धास्ती वर्षभर आधीच हजर होती.

त्या पहिल्या सायबरमेनच्या तोंडावर चक्क कापड होतं आणि हात माणसाचे, उघडे. आजची पोरं बघून हसतात. हसोत बापडी. मला विचाराल तर ते नंतरच्या चकचकीत पोलादी अवतारांपेक्षा जास्त भयंकर आहेत, आणि ते आवाजामुळे. नट नुसता तोंड उघडून उभा राहायचा, ओठ हलायचे नाहीत, आणि आतून दुसऱ्याच कलाकाराचा आवाज यायचा, चढउतार सगळे भलत्याच शब्दांवर. आम्हा आवाजावर पोट भरणाऱ्यांना विचारा, चुकीच्या जागी दिलेला जोर ऐकला की अंगावर काटा येतो.

तर २००६ साली हेच सायबरमेन नव्या रूपात आले. पृथ्वी आपल्यासारखीच, पण दुसरी. तिथे सगळे एका कंपनीची यंत्रं कानाला लावून हिंडतात. बातम्या थेट डोक्यात उतरतात, आणि त्या उतरत असताना रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थबकतात. शेवटी विनोदही उतरतो. सगळे एकदम हसतात. मालक आहे जॉन ल्युमिक, चाकाच्या खुर्चीला खिळलेला, मरणाला टेकलेला. एक दिवस तो किल्ली फिरवतो आणि लंडनची माणसं रांगेने कारखान्याकडे चालू लागतात. आत जाताना माणूस, बाहेर येताना पोलाद.

कारखान्याखालच्या बोगद्यात डॉक्टर, म्हणजे आपला नायक, आणि मिसेस मूर नावाची त्याची साथीदार एका सायबरमनला लोळवतात. डॉक्टर त्याच्या छातीवरचं कवच उघडतो. आत तारा आहेत, मांस आहे, आणि भावना दाबून ठेवणारा एक भाग आहे. नेमका तोच बिघडलाय. तेवढ्यात ते पोलाद बोलायला लागतं. इतकं गार का वाटतंय, म्हणून विचारतं. डॉक्टर नाव विचारतो. सॅली, म्हणते. सॅली फेलन. मग ती विचारते, गॅरेथ कुठंय? त्याने मला बघता कामा नये, आदल्या रात्री बघणं अशुभ असतं.

कशाची आदली रात्र? लग्नाची, श्रोतेहो. ही उद्याची नवरी आहे. तिला आपण कुठे आहोत ठाऊक नाही, आपलं काय झालंय ठाऊक नाही. काळजी एवढीच की नवऱ्या मुलाने लग्नाआधी आपल्याला बघू नये. डॉक्टर तिला म्हणतो, झोप आता, सॅली. आणि यंत्र बंद करतो.

(अशा प्रसंगाला मागे व्हायोलिनं कशाला लागतात, हे मला आजवर कळलेलं नाही. हल्ली दोन माणसं साधं बोलत असली तरी मालिकांत वाद्यवृंद गळा काढतो. शांतता हासुद्धा ध्वनी असतो, पण ऐकतो कोण.)

पुढे डॉक्टर भावना दाबणारे ते सगळे भाग एकदम बंद पाडतो. सायबरमेनना आपण काय झालो आहोत ते कळतं, आणि तेच त्यांना सोसत नाही. आणि ल्युमिक? मला अखेरच्या श्वासालाच बदला, असं तो म्हणत आलेला. त्याचेच सायबरमेन त्याला आधीच बदलून टाकतात. किल्ली त्याच्याही हातून गेली.

वेळ कमी उरलाय, म्हणून बाकीचं भरभर सांगतो. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळप्रवासाच्या मालिकेत जॉर्डी लाफोर्ज हा जन्मांध अभियंता आहे. डोळ्यांवरच्या पट्टीने त्याला दिसतं. प्रेक्षकांचा लाडका, त्याला सायबॉर्ग कोणी म्हणतही नाही. पण १९९१ मधल्या एका भागात शत्रू त्याच पट्टीतून त्याच्या मेंदूत शिरतो आणि त्याला मारेकरी बनवायला बघतो. पट्टी तीच, माणूस तोच. किल्ली दुसरीकडे गेली.

हे फक्त पडद्यावरचं, असं समजू नका. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या छातीतल्या हृदयाच्या यंत्राची वायरलेस सोय २००७ मध्ये डॉक्टरांनी मुद्दाम बंद करून टाकली. कोणी दुरून त्यात घुसून घात करेल, ही भीती. चेनींनी स्वतःच हे पुढे मुलाखतीत सांगितलं.

आणि २०२५ मध्ये 'ब्लॅक मिरर' या मालिकेने तर पोलादही काढून टाकलं. एक शिक्षिका. मेंदूचा काही भाग आता कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, दरमहा पैसे भरून. स्वस्तातलं पॅकेज असल्यामुळे बोलता बोलता तिच्या तोंडून मधेच जाहिरात बाहेर पडते, अगदी वर्गातसुद्धा, आणि आपण ती बोललो हे तिच्या गावीही नसतं. नवरा बिचारा वरच्या पॅकेजसाठी पैसे जमवत राहतो आणि दर चढत राहतात.

आता आमच्या जाहिरातींची वेळ झाली. त्या आम्ही शुद्धीवर राहून देतो, एवढाच काय तो फरक. नमस्कार.